पॅनलची वही: एमपीपीटी बसवल्यावर उष्णता दिसायला लागली

सोलर पॅनलवरून बॅटरी चार्ज करणारा जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल थेट बॅटरीला जोडून चालू-बंद करणारा) काढून एमपीपीटी (पॅनलकडून जास्तीत जास्त वॅट मिळतील असं व्होल्टेज शोधणारा) कंट्रोलर बसवला आहे. पॅनल तेच, १०० वॅटचं, ३६ सेलचं मोनो (एकस्फटिकी सिलिकॉनचं). पण आता ढग सरकून ऊन पडलं की वॅटचा आकडा झपकन वर चढतो, आणि मग काच तापेल तसा काही मिनिटांत उतरत जातो. ऊन तितकंच असतं, आकाशही स्वच्छ. जुन्या कंट्रोलरवर हे कधी दिसलं नव्हतं.

कारण साधं आहे. पीडब्ल्यूएम पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. १३.५ व्होल्टवर साडेपाच अँपिअर म्हणजे ७५ वॅटच्या आसपास, पॅनल गार असो की भाजणारं. उष्णता खाते ती व्होल्टेज. करंट उलट नखभर वाढतो. सिलिकॉनचा एक सेल दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट गमावतो आणि असे ३६ सेल एका माळेत आहेत. एमपीपीटी बॅटरीपेक्षा वरचं सगळं व्होल्टेजही वापरतो, म्हणून त्याच्यावर ही घट उघडी पडते.

माझ्या पॅनलच्या डेटाशीटवर पॉवरचा तापमान गुणांक उणे ०.३५ टक्के प्रति अंश आहे. लेबलवरचे १०० वॅट सेल २५ अंशांवर असतानाचे. सेल ६५ला गेला की ४० अंशांचे १४ टक्के गेले, उरले ८६. म्हणजे पीडब्ल्यूएमपेक्षा गारव्यात २५ वॅट जास्त आणि भर उन्हाळ्यात जेमतेम ११ (कंट्रोलरचा स्वतःचा खर्च धरलेला नाही). एमपीपीटीची जाहिरात वाचताना हे दुसरं गणित कुणी सांगत नाही.

मोजमापाबद्दल थोडं. इन्फ्रारेड गन काचेवर धरू नका. काचेत आकाशाचं प्रतिबिंब मिसळतं आणि आकडा फसवा येतो. मी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) पॅनलच्या पाठीमागे, मधल्या एका सेलच्या बरोबर खाली, ॲल्युमिनियम टेपने घट्ट चिकटवलं आहे. फ्रेम आणि जंक्शन बॉक्सपासून (पाठीमागची वायर जोडायची डबी) लांब. आतला सेल याहून दोन-तीन अंश जास्त गरम असतो, तेवढे मिळवायचे. पडताळा ओपन सर्किट व्होल्टेजवरून (पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज) घेतो: २५ अंशांना २२ व्होल्ट, दर अंशाला ०.०६६ कमी. भर उन्हात मीटर १९.४ दाखवत असेल तर सेल ६५च्या आसपास. ऊन किती आहे ते शॉर्ट सर्किट करंटवरून (पॅनलच्या दोन तारा थेट एकमेकींना जोडल्यावरचा करंट) कळतं, कारण तो उन्हाच्या प्रमाणात हलतो आणि तापाने फारसा ढळत नाही. शॉर्ट करण्याआधी आणि सोडवण्याआधी पॅनल झाकायचं. डीसीची ठिणगी वाईट.

पॅनल पत्र्यावर टेकून होतं, ते आता वितभर उचलून स्टँडवर घेतलं आहे, खालून वारा खेळतो. दहा अंश उतरले तर साडेतीन वॅट परत मिळतात. पाणी मारण्याचा प्रयोग करणार नाही: पंपच तेवढे वॅट खाईल आणि वर काचेवर क्षारांचे डाग.

पुढचं काम, दुसरं पॅनल सिरीजमध्ये. तिथे मात्र गारठा बघावा लागतो. उणे १० अंशांना एकाचं ओपन सर्किट व्होल्टेज २४.३, दोघांचं ४८.६, आणि माझ्या कंट्रोलरची मर्यादा ५० आहे. जास्त थंडी पडत असेल तिथे पॅनल पॅरललच जोडावेत, किंवा ७५ व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा.