आंब्याच्या पेटीत शिजणारा वरणभात

यंदा आंबे संपल्यावर लाकडी पेटी आणि तिच्यातला भाताचा पेंढा मी टाकून दिला नाही, त्यातून वरणभात शिजवायची पेटी केली. युक्ती जुनीच आहे. पातेलं गॅसवर उकळायचं आणि तसंच झाकून उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या गोष्टींत पुरून ठेवायचं. पुढचं शिजणं आतल्या आत होतं.

पेटीच्या फळ्यांमध्ये फटी असतात, म्हणून आधी आतून वर्तमानपत्रांचे थर लावले. मग पेंढा कडकडीत उन्हात वाळवला. हे वाळवणं अजिबात टाळू नका. उष्णता अडवण्याचं खरं काम करते ती काड्यांच्या पोकळीत आणि त्यांच्या मधल्या जागेत कोंडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ (वॅट प्रति मीटर-केल्विन), पाण्याची ०.६ आणि ॲल्युमिनियमची २३७ च्या आसपास. पेंढा दमट राहिला, की हवेच्या जागी तिच्यापेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेणारं पाणी येऊन बसतं. ठासून भरला तरी हवा निघून जाते, म्हणून तो भुसभुशीतच ठेवला. लोकर, कापूस, बूच, गोधडी, सगळ्यांचं मर्म हेच. थर्माकोल मी मुद्दाम घेतला नाही. उकळत्या पातेल्याला टेकला की तो मऊ पडून बसतो.

तळाशी आणि चारही बाजूंनी चार-चार बोटं पेंढा राहील असं लहान पातेलं निवडलं. पेंढ्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरून त्यात पातेल्यापुरता खळगा केला. वरून उशीच्या अभ्र्यात पेंढा भरून जाड गादी ठेवली. ही गादी सगळीकडून घट्ट बसायला हवी, नाहीतर गरम हवा वरच्या फटीतून निघून जाते.

भाताला पाच मिनिटं दणदणीत उकळी आणून पातेलं पेटीत ठेवलं, पाऊण तासात मोकळा भात तयार. भिजवलेली तूरडाळ पंधरा मिनिटं उकळावी लागते आणि पुढे दोन तास पेटीत. मधे झाकण उघडायचं नाही, वाफेबरोबर बरीच उष्णता जाते. पातेलं काठोकाठ नसलं तरी बऱ्यापैकी भरलेलं असावं. थोडंसंच अन्न असलं तर ते लवकर निवतं. राजमा मात्र भिजवून, ते पाणी टाकून, आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय पेटीत ठेवू नका. नुसत्या मंद उष्णतेने त्यातलं विषारी द्रव्य जात नाही. आणि अन्न रात्रभर पेटीत ठेवू नये. ६० अंशांच्या खाली उतरलं की त्यात जंतू वाढायला लागतात.

पावसाळ्यात पेंढ्याला कुबट वास येऊ लागला तेव्हा भातगिरणीतून कोरडं तूस आणलं आणि अभ्र्यांत भरून वापरलं. तेही तितकंच चांगलं काम देतं, शिवाय काड्या भातात पडत नाहीत.