शेजारशेजारच्या दोन पेशी

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचा नमुना १२ दिवसांच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचा होता. या वयात काय दिसणार याचा अंदाज असतोच. जन्मतः या हृदयपेशींत टी-ट्यूब्यूल, म्हणजे विजेचा ठोका पेशीत खोलवर नेणाऱ्या पटलाच्या बारीक नळ्या, नसतात. दुसऱ्या आठवड्यात पेशीचं बाहेरचं पटल आत शिरू लागतं आणि महिनाभरात झेड-रेषांपाशी (आकुंचन पावणाऱ्या तंतूंवरच्या, ठरावीक अंतरावरच्या आडव्या रेषा) नळ्यांची रांग लागते. (मेंढीच्या कोकरात हे काम जन्माआधीच सुरू झालेलं असतं, तेव्हा उंदरावरून सगळ्यांबद्दल बोलणाऱ्यांनी जरा जपून.)

नमुना टिकवून घट्ट करायची रसायनं, म्हणजे ग्लुटराल्डिहाइड, ऑस्मियम, रेझिन, हे पुस्तकात असतं. खरा कस लागतो दिशा साधताना. काप तंतूंच्या लांबीने गेला नाही, तर झेड-रेषांचा हिशेबच लागत नाही. म्हणून आधी जाड काप टोल्युइडिन ब्लूने रंगवून बघायचा, ब्लॉक किंचित वळवायचा, पुन्हा बघायचा. हिऱ्याच्या सुरीवरून पाण्यावर उतरणारी फीत चंदेरी हवी. सोनेरी दिसली तर काप जाड. त्या दिवशी अख्खी फीत चंदेरी उतरली. इमेज बघणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही, आणि कौतुक कॅमेऱ्याचं होतं.

नमुन्यात रुथेनियम रेड हे रंगद्रव्य होतं, त्यामुळे बाहेरच्या जागेशी जोडलेलं पटल काळं उठतं. एका पेशीत काळ्या नळ्या खोलवर गेलेल्या: काही आडव्या, काही चक्क लांबीने धावणाऱ्या, आणि त्यांना खेटून सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याच्या, चपट्या पिशव्या. तिला टोकाशी जोडलेली दुसरी पेशी मात्र कोरी. पिशव्या होत्या, पण जोडी जमलेली फक्त कडेच्या पटलाशी.

गाईड म्हणाले, ‘‘पहिलीचा फोटो घे, आकृती झाली.’’ त्यांना एका वयाला एक पेशी लागते. रिव्ह्यूअरने प्रश्न विचारू नयेत एवढंच.

मला ती दुसरी सोडवत नाही. विजेचा ठोका दोघींना जवळपास एकदमच मिळणार. पहिलीत कॅल्शियम आतूनही सुटेल. दुसरीत ते कडेला वाढून मग मध्यापर्यंत झिरपत जाणार. मग आकुंचनाच्या त्या क्षणी कोण कोणाला ओढतं? की ती कोरी नाहीच, आणि नळ्या माझ्या कापांच्या वर-खाली आहेत? असे दहा काप एकावर एक ठेवले तरी एक मायक्रोमीटर भरत नाही; पेशीची जाडी त्याच्या कितीतरी पट.

त्याच ब्लॉकचे पुढचे काप मी दुसऱ्या ग्रिडवर (काप ठेवायची बारीक जाळी) उचलून ठेवलेत. गाईडना अजून सांगितलेलं नाही.