ठरावाची वही आणि रेसलमेनिया

तालीम मंडळ म्हणजे काय, हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या पेठेतल्या तालमीत खाली लाल मातीचा हौदा होता, वर एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत मारुतीची तसबीर व जुन्या पैलवानांचे फेटेवाले फोटो होते. गणपती, शिवजयंती आणि फुटबॉलचा हंगाम यांत मंडळाचे वर्ष सरत असे. मात्र मंडळाच्या वार्षिक अहवालात कधीच छापला न गेलेला एक मेळावा आम्ही 2002 पासून नेमाने भरवत आलो, तो म्हणजे रेसलमेनियानंतरच्या दुसऱ्या रविवारचा. रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम.

अमेरिकेतली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची सोमवारची पहाट, आणि सोमवारी कोणाची परीक्षा, तर कोणाची पहिली पाळी असायची. त्यामुळे केबलच्या धंद्यातल्या आमच्या एका सभासदाने तो कार्यक्रम टिपून ठेवायचा, आधी कॅसेटवर आणि पुढे सीडीवर, आणि सर्वांनी तो एकत्र बसूनच पाहायचा, असे ठरले. तोवर निकाल कळून घ्यायचा नाही आणि कळलाच तर दुसऱ्याला सांगायचा नाही, अशी शपथ मारुतीसमोर घेतली जाई. निकाल फोडणाऱ्यास पाच किलो भडंगाचा दंड होता.

कार्यक्रम संपला की चहा येई आणि सेक्रेटरी ठरावाची वही उघडत. मंडळाच्या बैठकांसाठी आणलेली ती फुलस्केप वही अर्ध्यापासून पुढे याच कामाला लागली होती. सूचक, अनुमोदक, बाजूने हात, विरोधात हात, सगळे रीतसर. 2002 च्या पहिल्या ठरावात टोरांटोच्या प्रेक्षकांचे अभिनंदन आहे. कंपनीने हल्क होगनला खलनायक म्हणून आणि रॉकला नायक म्हणून उभे केले होते, पण जमलेल्या अडुसष्ट हजार लोकांनी होगनच्याच नावाचा गजर लावला आणि चालू लढतीत दोघांनाही आपापले सोंग बदलावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात, वन्यजीवांच्या संस्थेशी आद्याक्षरांवरून झालेल्या खटल्यापायी कंपनीने ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ हे नाव सोडले. आमच्या वहीने ते पुढे आठ-दहा वर्षे सोडले नाही.

या सगळ्यात वस्ताद काय करत होते, हा प्रश्न बाहेरच्यांना नेहमी पडे. तारुण्यात खासबागेच्या मैदानात कुस्त्या केलेला, लंगोट आणि माती यांपलीकडे फारसे काही न मानणारा हा माणूस दरवर्षी खुर्ची ओढून सर्वांत पुढे बसायचा. “नूरा कुस्ती हाय ही, आधी ठरवून केलेली,” असे ते पहिल्या घंटेलाच जाहीर करत. आम्हाला ते ठाऊक नव्हते असे नाही. मग का येता, असे एकदा एकाने धीर करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तुमी काय बघताय, ते बघाय येतो.”

2003 साली मात्र त्यांनी तसे म्हटले नाही. सिअ‍ॅटलमधली ब्रॉक लेस्नर आणि कर्ट अँगल यांची ती लढत होती. अँगल हा 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधला 100 किलो वजनगटातला सुवर्णपदक विजेता, तर लेस्नर 2000 सालचा अमेरिकेचा महाविद्यालयीन विजेता. सुरुवातीला दोघे खरोखरच्या पैलवानांसारखे वाकून एकमेकांचा अंदाज घेऊ लागले, तसे वस्तादांनी हातातली बशी जमिनीवर ठेवली. अँगल पायाकडे झेपावला आणि खुर्चीत बसल्या बसल्या वस्तादांचा उजवा हात हवेत पुढे गेला, कोपर आत आणि बोटे वळलेली, जणू समोरच्याची पोटरी त्यांनाच धरायची होती. “ह्यो एकेरी पट हाय. ह्यो काय खोटा न्हाई,” ते म्हणाले. शेवटी लेस्नरने दोरांवरून उलटी गिरकी घेऊन उडी मारली, ती चुकली आणि तो थेट डोक्यावर आदळला, तेव्हा खोलीत कोणी हूं की चूं केले नाही. तरीही त्याने उठून लढत ठरल्याप्रमाणे जिंकली. वस्तादांनी कॅसेट मागे फिरवायला लावून ते पडणे तीनदा पाहिले. त्यांच्या कानाची पाळी मातीने चुरगळून फुलकोबीसारखी झालेली होती, आणि पडण्याविषयी त्यांना आमच्यापेक्षा निश्चितच जास्त कळत होते.

त्या दिवसापासून आमच्या चर्चांचा सूर बदलला, असे मला वाटते. खरे-खोटे हा वाद मागे पडला आणि वस्तादांनी आम्हाला ‘जोड’ बघायला शिकवले. मैदानात कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, याला जोड म्हणतात. वजनात, उमेदीत किंवा तयारीत जोड विजोड असली, तर गावच्या जत्रेतले प्रेक्षकसुद्धा पंचांना बोलून दाखवतात. 1912 साली शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानात हौद्याभोवती उतरत्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाला कुठूनही कुस्ती दिसते, आणि ज्याला दिसते त्याला मत असते. रेसलमेनियाचे प्रेक्षक तेच करतात, एवढेच की ते निकालावरच नव्हे, तर निकाल लिहिणाऱ्यावरही ओरडतात.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. 2004 सालचा विसावा रेसलमेनिया न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. गोल्डबर्ग आणि लेस्नर हे दोघेही कंपनी सोडून चालले आहेत ही बातमी प्रेक्षकांपर्यंत आधीच पोहोचली होती आणि त्यांनी अख्खी लढत दोघांचीही हुर्यो उडवण्यात घालवली. आमच्या ठरावात ‘पाहुण्याने निघताना चप्पल शोधत जेवू नये’ असे वाक्य आहे, ते अर्थातच वस्तादांचे. त्याच रात्री ट्रिपल एच हरला, याचा आनंद वेगळा होता. आदल्या ऑक्टोबरात मालक मॅकमन यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते आणि ‘जावई हरेल कसा?’ हा आमच्या खोलीतला कायमचा विनोद होता. जावयाने भर रिंगणात हात आपटून हार मानली, आणि त्याला हरवणाऱ्या ख्रिस बेन्वाच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढे जून 2007 मध्ये त्याच बेन्वाने आपली पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा यांचा जीव घेऊन स्वतःचाही अंत केला. कंपनीने त्याचे नाव घेणे सोडले. आमच्या सेक्रेटरींनी ते पान फाडू का, असे विचारले. वस्ताद एवढेच म्हणाले की वहीचे पान फाडत नसतात. ते पान अजून आहे. ते कोणी वाचत नाही.

खलीच्या वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हिमाचलचा सात फुटी दलीपसिंह राणा 2007 च्या जुलैत जागतिक विजेता झाला, तेव्हा चौकात फटाके उडाले. वस्तादांचे मत होते की देह राजाचा आहे, पण पायात चाल नाही. ते मत बहुमताने फेटाळले गेले आणि दोन वर्षांनी कोणताही ठराव न करता सर्वांनी स्वीकारले.

आता 2014. त्या वर्षी जानेवारीपासूनच वहीत निषेधाचे ठराव साठत होते, कारण बुटक्या चणीच्या डॅनियल ब्रायनला डावलून कंपनीने रॉयल रंबल, म्हणजे रेसलमेनियातल्या किताबाच्या लढतीचा हक्क मिळवून देणारी झुंज, बटिस्टाला जिंकून दिली होती आणि पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी ते उघड धुडकावून लावले होते. लोकांचा रेटा एवढा वाढला की रेसलमेनियाची मुख्य लढतच बदलावी लागली. ब्रायनने आधी जावयाला हरवले आणि त्याच रात्री ऑर्टन व बटिस्टा यांच्याविरुद्ध किताब जिंकला. पण त्या रात्रीचे खरे दुःख वेगळे होते. रेसलमेनियात एकवीस लढतींत अजिंक्य राहिलेला अंडरटेकर लेस्नरकडून हरला होता.

मला ते सोमवारी सकाळीच कळले. तालमीच्या दारात वस्ताद भेटले आणि त्यांनी सहज विचारले, “म्हातारा जिकला न्हवं?” अंडरटेकरला ते म्हातारा म्हणत, स्वतः पंचाहत्तरीचे असूनही. मला खोटे बोलता आले नाही. ते थोडा वेळ हौद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरास्नी सांगू नगंस.”

रविवारी ते नेहमीप्रमाणे पुढे बसले. पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली आला, पडद्यावर ‘21-1’ झळकले, न्यू ऑर्लिन्सच्या गर्दीत माणसे आ वासून उभी राहिलेली दिसली आणि आमच्या खोलीतही तेच झाले. सर्वांच्या आधी वस्ताद उठले. त्यांनी टोपी काढली, “असं कसं झालं रं?” असे कापऱ्या आवाजात म्हटले आणि पुन्हा मटकन बसले. पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली, कोणी पाणी आणले. सर्वांच्या खांद्यांवरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डावा डोळा किंचित मिटला.

ती नूरा कुस्ती होती, आणि त्यांनी आयुष्यात केलेली बहुधा एकुलती एक. मी ती दहा वर्षे मनात ठेवली.

2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा जमलो, तेव्हा पुढची खुर्ची रिकामी ठेवली होती. वस्ताद जाऊन तीन वर्षे झाली होती. फिलाडेल्फियात कोडी ऱ्होड्सने रोमन रेन्सची 1316 दिवसांची किताबावरची सद्दी मोडली. कोडीची जागा रॉकला देण्याचा कंपनीचा बेत फेब्रुवारीत लोकांनीच हाणून पाडला होता, हे वहीत सविस्तर नोंदवले गेले. मध्येच दिवे गेले आणि अंधारातून अंडरटेकर उभा राहिला, तसे कोणीतरी 2014 ची आठवण काढली. वस्ताद किती हादरले होते, त्यांना पाणी कसे द्यावे लागले, हे ज्याने पाणी दिले तोच सांगू लागला. तेव्हा मला राहवले नाही.

सगळे ऐकून झाल्यावर खोली बराच वेळ हसत होती. मग सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि वहीत लिहिले, ‘निकाल फोडल्याबद्दल लेखी कबुली घेण्यात आली. दंड भडंग पाच किलो, दहा वर्षांच्या व्याजासह सात. ऐकून गप्प बसल्याबद्दल वस्तादांनाही दंड लागू, तो त्यांच्या वतीने याच सभासदाने भरावा.’ सूचक आणि अनुमोदकांच्या सह्या झाल्या, विरोधात कोणीही हात वर केला नाही.