वास आला म्हणजे स्वच्छ

मंगळवार, रात्री साडेदहा

आजचा आकडा ३१०. रविवारी घरी ३८० होता.

छातीच्या डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर दिलंय. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते त्यावर कळतं; आकडा मोठा तेवढ्या श्वासनळ्या मोकळ्या. दिवसातून चारदा फुंकायचं, ड्यूटी असो की सुट्टी, महिनाभर, आणि वहीत लिहायचं. स्टेथोस्कोप लावायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "वीकली ऑफला बरं वाटतं का?" वाटतं ना. दिवाळीत गावी गेले तेव्हा खोकल्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

आज द्रावण बदलायचा दिवस. आमच्या एन्डोस्कोपीच्या खोलीला लागून स्कोप, म्हणजे पेशंटच्या शरीरात घालायची कॅमेऱ्याची नळी, धुवायची चिंचोळी जागा आहे. पेशंट झाला की स्कोप एन्झाइमच्या पाण्यात धुवायचा, चॅनेलमधून ब्रश फिरवायचा, मग दोन टक्के ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेत वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. ट्रेला झाकण आहे, पण लिस्ट मोठी असली की ते बाजूलाच पडलेलं असतं. चौदा दिवस झाले की जुनं ओतून द्यायचं, नव्यात ॲक्टिव्हेटर घालायचा, की ते हिरवं होतं. या ओताओतीत सगळ्यात जास्त वाफ उठते. सडक्या सफरचंदासारखा वास म्हणतात. मला तो नाकाआधी डोळ्यांना कळतो. मग घशात खवखव, आणि संध्याकाळी जिना चढताना छातीत शिट्टी. एक्झॉस्ट आहे, पण छताजवळ. म्हणजे ट्रेतली वाफ वर जाणार ती माझ्या तोंडावरूनच!

"दोन मास्क लाव ना," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सर्जिकल मास्क थेंब अडवतो, एन-९५ कण अडवतो. वाफ दोन्हींतून आरामात आत येते. तिला कार्बनचं फिल्टर लागतं. हे हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनाच समजावून सांगावं लागतं, म्हणजे कमाल आहे. ब्रिटनमध्ये या द्रव्याची हवेतली मर्यादा दशलक्ष भागांत ०.०५ भाग इतकी कमी ठेवली आहे. आमच्या खोलीतली हवा कुणी कधी मोजली असेल तर मला ठाऊक नाही.

तक्रार केली तेव्हा ऑफिसने काय केलं? कॉरिडॉरमध्ये लॅव्हेंडरचा फवारा मारणारं यंत्र बसवलं. आता दर थोड्या वेळाने फुस्स होतं आणि मी खोकते. श्वासनळ्या एकदा चिडल्या की सेंट, धूप, फिनेल, काहीही पुरतं. "सिस्टर फार नाजूक हं," असं ओटीतले मामा हसत म्हणतात. वाईट हेतू नसतो त्यांचा. पण हा शब्द एकदा चिकटला की दम्याचा स्वभावदोष होतो.

एक सर म्हणतात, ग्लुटारल्डिहाइडऐवजी ओपीए हे दुसरं जंतुनाशक मागवू, त्याला वासच नाही. मागवावं, वाफ कमी असते त्याची. पण त्यानेही काहींना ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. वास गेला म्हणजे प्रश्न सुटला, असं धरून चालले तर पुन्हा तिथेच येऊ.

दुपारी मावशी संडास धूत होत्या. हायपोक्लोराइटवर ॲसिडची बाटली ओतणार तेवढ्यात मी ओरडले. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. त्यांना ते कुणी सांगितलेलंच नाही. मग म्हटलं, फिनेल तरी थोडं कमी घाला. त्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टर, वास आला नाही तर नातेवाईक म्हणतात पुसलंच नाही. सुपरवायझर तर दारातूनच हुंगून जातो."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं काम नाकाने तपासलं जातं, मग त्या बाटली का आखडतील? त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा आहेत. रात्री खोकला येतो का विचारलं, तर म्हणाल्या, "येतो की, वयच झालं." वय माझ्याहून चार वर्षांनी कमी! मला निदान मीटर मिळालं, स्टाफ म्हणून फुकटात ओपीडी मिळाली. त्या कंत्राटावर.

उद्या मेट्रनला अर्ज द्यायचा आहे. ट्रेच्या पातळीला एक्झॉस्ट, नायट्राइलचे हातमोजे, ते लॅव्हेंडरचं यंत्र बंद, आणि सफाईच्या सगळ्यांची एकदा छातीची तपासणी. मावशींचं नाव घालू का विचारलं, तर "नको हो, काढून टाकतील" म्हणाल्या. नाव घालत नाही. "सफाई कर्मचारी" एवढंच लिहिते आणि वहीची झेरॉक्स जोडते.