बोर्डची कंबर

नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणायला नको म्हणून दोन हंगाम मी स्नोबोर्डबद्दल, म्हणजे पायाला बांधून बर्फावरून घसरायच्या फळीबद्दल, चकार शब्द काढला नाही. चवड्याकडचं वळण घेताना बोर्ड जरा जास्त कलवला की कड सुटायची आणि मी अक्षरशः तोंडघशी पडायचो. चूक माझीच, असं धरून चाललो होतो. गुडघे अजून वाकवून पाहिले, खांदे आवरले, नजर वळणाच्या पुढे ठेवली. काही उपयोग झाला नाही.

एकदा पडलो तिथेच बसून मागची रेघ पाहिली. नीट कार्व्ह झालेलं, म्हणजे न घसरता नुसत्या कडेवर कापलेलं वळण बर्फावर पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ सोडतं. माझ्या रेघेच्या आतल्या बाजूने दुसरी एक रेघ चालली होती, खरवडल्यासारखी, आणि दोन्ही एकाच जागी संपत होत्या. मागच्या बुटाचं रबर पुढच्या टोकाला पार झिजलेलं होतं. म्हणजे बूट बर्फाला टेकून अख्खा बोर्ड उचलून धरत होता. अंगण खरंच वाकडं होतं!

त्या रात्री टेप घेऊन बसलो. बुटावर लिहिलेला नंबर या कामाला बिनकामाचा. बाहेरून टाचेपासून टोकापर्यंत मोजावं लागतं. माझा बूट भरला ३१८ मिलीमीटर. बोर्डची कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद जागा, २५६. बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट बोर्डला जिथे अडकवतात तिथे, बोर्ड थोडा रुंद असतो, तरी बूट दोन्हीकडून साधारण अडीच सेंटीमीटर बाहेर येत होता. बुटाचा तळ बोर्डच्या खालच्या कडेपासून साडेतीन सेंटीमीटर वर. त्रिकोण काढला तर ५४ अंशांच्या आसपास बूट टेकणारच. शिवाय कड बर्फात रुतते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्याही आधी.

दुकानात मिळणारे ‘वाइड’ बोर्ड पाहिले, पण जे रुंद होते ते पावडरसाठी, म्हणजे भुसभुशीत ताज्या बर्फासाठी मऊ केलेले. शेवटी ऑर्डरप्रमाणे बोर्ड बनवणाऱ्या एका कारागिराला लिहिलं. त्यांचा फॉर्म आला. बुटाची बाहेरची लांबी, दोन पायांमधलं अंतर, दोन्ही पावलांचे कोन, उतार कसला, बर्फ किती कडक, आणि वजन ‘सगळं अंगावर चढवून’. मी आपलं सकाळचं ७८ किलो लिहून मोकळा झालो. बूट, हेल्मेट, जाकीट घालून काट्यावर उभं राहा, असं उलट उत्तर आलं. भरलो ८४. त्यांचं म्हणणं, कडकपणा वजनावरून ठरतो आणि तो गाभ्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. लाकूड दहा टक्के जाड केलं की बोर्ड सुमारे ३३ टक्के कडक होतो. अंदाजपंचे आकडा चालत नाही.

मागणीच्या रकान्यात मी हौसेने लिहिलं होतं: साइडकटची, म्हणजे कडेच्या आत गेलेल्या कमानीची, त्रिज्या ८ मीटर, वर टायटॅनलचा थर. टायटॅनल म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, बोर्डची थरथर मारतो. शर्यतवाले वापरतात म्हणून मलाही हवा होता, दुसरं काही कारण नव्हतं. त्यावर त्यांनी एकच विचारलं: “तुमचा वेग किती असतो?”

फोनवर पाहिलं तर वळणावळणात ३५ ते ३८ किलोमीटर. मग त्यांनी हिशेब मांडून दाखवला. बोर्ड कलवला की वळणाची त्रिज्या कोनाच्या कोसाइनने लहान होते. ८ मीटरचा बोर्ड ६० अंशांवर ४ मीटरचं वळण कापतो. त्या वर्तुळात तोल टिकायला वेगाचा वर्ग साइडकटची त्रिज्या, गुरुत्व आणि कोनाची साइन यांच्या गुणाकाराइतका हवा. साइन काही एकाच्या वर जात नाही, म्हणून ८ मीटरच्या बोर्डला ढोबळ मर्यादा पडते ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. त्यांनी सुचवलेल्या ११ मीटरला ३७ च्या वर. उताराचा जोर आणि बोर्डचं वाकणं यात धरलेलं नाही, पण माझ्या जुन्या बोर्डवर जोरात गेलं की वळण आतल्या आत मिटत का जायचं, ते कळलं.

विश्वास बसेना म्हणून जुना बोर्ड कडेवर उभा करून दोन टोकांच्या सर्वांत रुंद जागांमध्ये शिवणाचा दोरा ताणला आणि मध्ये स्टीलची पट्टी लावली. अंतर १२२ सेंटीमीटर, खोली २३ मिलीमीटर. अंतराचा वर्ग भागिले खोलीची आठपट: ८.१ मीटर. नव्या बोर्डची कड त्यांनी १३० सेंटीमीटर धरली होती. तेवढ्या कडेवर ८ मीटरला खोली २६ मिलीमीटर लागते, ११ मीटरला १९. सात मिलीमीटरवरून इतकी हुज्जत घातली होती मी.

खरी ओढाताण रुंदीवरून झाली. मी दोन्ही पावलं बदकासारखी फाकवून उभा राहायचो, पुढचं १५ अंश, मागचं उणे ९. तसंच राहायचं तर कंबर ३०० च्या वर न्यावी लागेल, आणि तसा बोर्ड एका कडेवरून दुसरीवर जायला वेळ लावतो. कड पावलापासून लांब गेली की कडक बर्फावर पोटऱ्या भरून येतात. त्यापेक्षा पावलंच पुढे वळवा, असं त्यांचं म्हणणं. शर्यतीतले लोक हेच टोकाला नेतात: हार्ड बूट, दोन्ही पावलं साठ अंशांच्या आसपास पुढे, म्हणून त्यांच्या बोर्डची कंबर २० सेंटीमीटरच्या जवळपास भागते. मला सॉफ्ट बूट सोडायचे नव्हते. आठवडाभर जमिनीवर उभं राहून पाहिलं, मागचा गुडघा कुरकुरत नाही अशी खात्री केली आणि ३६ व २७ वर तडजोड झाली. कंबर ठरली २७५. शेपूट, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, नाकापेक्षा, म्हणजे पुढच्या टोकापेक्षा थोडी अरुंद, म्हणजे वळणाच्या शेवटी सुटायला सोपी. टायटॅनल त्यांनी दिला, पण एकच थर.

बोर्ड सात आठवड्यांनी आला. पहिल्याच दिवशी चवड्याकडचं वळण इतकं खाली गेलं की हातमोजा बर्फावर घासला आणि कड सुटली नाही. मी वेड्यासारखा ओरडलो. टाचेकडे मात्र बोर्ड सटकतच होता, आणि हा त्रास जुन्या बोर्डवर कधीच नव्हता. दोन दिवस मनातल्या मनात त्या कारागिराला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी बुटाच्या टाचेला पट्टी उभी लावली तर टाच १४ मिलीमीटर बाहेर आणि चवडा ११ मिलीमीटर आत! बाइंडिंग मी मधोमध बसवली होती. मधोमध यायला हवा होता बूट. बाइंडिंग बोर्डला जिच्यातून स्क्रूने बसते ती मधली डिस्क काटकोनात फिरवली, म्हणजे तिच्या खाचा आडव्या आल्या, आणि बाइंडिंग सेंटीमीटरभर चवड्याच्या बाजूला सरकवली. पाच मिनिटांचं काम. कारागिराला मनातल्या मनात सॉरी म्हटलं. फोन करायचं धाडस झालं नाही.

अरुंद, गर्दीच्या उतारावर हा बोर्ड अजून जड वाटतो, हे कबूल करतो. तिथे जुनाच काढतो.

परवा एका मित्राने हौसेने मागून घेतला. दोनच फेऱ्यांत परत.

“अरे, हा बोर्ड आहे की दार? कलतच नाही!”

“तुझा बूट किती?”

“सात नंबर.”

“नंबर नाही रे, बाहेरून किती?”

टेप माझ्या खिशातच होता. भरला २७८.