न उघडलेली छत्री आणि गॅलिलिओचा टेपरेकॉर्डर

गुरू ग्रहाकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' या अवकाशयानाचा ४.८ मीटर व्यासाचा मुख्य अँटेना ११ एप्रिल १९९१ रोजी छत्रीसारखा उघडायचा होता. १८ काड्यांपैकी काही मधल्या खांबाला चिकटूनच राहिल्या. काड्यांच्या पिनांना कोरडं वंगण लावलेलं होतं. चॅलेंजर या स्पेस शटलच्या दुर्घटनेनंतर उड्डाण लांबलं आणि अँटेनाच्या कॅलिफोर्निया-फ्लोरिडा अशा ट्रकमधून वाऱ्या झाल्या. त्या हादऱ्यांत वंगण झिजलं असावं, हा सर्वात पटणारा निष्कर्ष. यान उन्हात-सावलीत वळवून खांब तापवला, गार केला. मोटरला १३,००० हून जास्त झटके दिले. छत्री ढिम्म.

आता हिशेब बघा. ८०० × ८०० ठिपके, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे एका चित्राचे ५१,२०,००० बिट. मुख्य अँटेनाचा वेग सेकंदाला १,३४,४०० बिट, म्हणजे ३८ सेकंदांत काम झालं असतं. उरलेल्या छोट्या अँटेनाने गुरूजवळून सेकंदाला १० बिट धरले, तर त्याच चित्राला सहा दिवस!

यानाला हात लावणं शक्य नव्हतं. बदलता येणार होतं ते फक्त सॉफ्टवेअर आणि पृथ्वीवरची यंत्रणा. चुका दुरुस्त करणारं सांकेतिकीकरण नव्याने बांधलं. कॅनबेरा (ऑस्ट्रेलिया) आणि गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया) इथल्या ७० मीटरच्या अँटेना-तबकड्या आणि ऑस्ट्रेलियातल्याच पार्क्सची ६४ मीटरची, यांचे संदेश एकत्र जोडले. वेग १६० बिटपर्यंत चढला. त्यावर यानातच चित्र साधारण दसपट आकसवायचं. थोडा तपशील जातो, तो जाऊ द्यायचा. १०० बिटच्या वेगाने तेच चित्र दीड तासात येतं.

माझ्या मते खरी भिस्त होती यानातल्या टेपरेकॉर्डरवर. गुरूच्या एखाद्या उपग्रहाजवळून जाताना भराभर टेपवर नोंदवायचं, मग पुढच्या भेटीपर्यंत आठवडेच्या आठवडे सावकाश पाठवत बसायचं. काय नोंदवायचं यावर शास्त्रज्ञांची घासाघीस आलीच.

आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये, गुरू दोन महिन्यांवर असताना, नेमकी टेपच अडकली. मागे गुंडाळण्याची आज्ञा चालू राहिली आणि टेप एकाच जागी सुमारे १५ तास घासली गेली. उपाय साधा होता: कमकुवत झालेल्या भागावर २५ जादा वेढे गुंडाळले आणि तेवढी टेप कायमची वर्ज्य केली. ७ डिसेंबरला गुरूच्या वातावरणात उतरणाऱ्या कुपीची माहिती टेपवर घ्यायची होती, म्हणून त्याच दिवशीची आयो या गुरूच्या उपग्रहाची जवळची चित्रं रद्द झाली. आयोला इतक्या जवळून टिपण्याची संधी पुन्हा आली ती १९९९ मध्ये.