टर्मिनेटरची कालरेषा, वही दुसरी: हे सांगतंय कोण?

मंडळी, पहिली वही संपली आणि तिच्याबरोबर माझी जुनी पद्धतही संपली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोष्ट अशी: भविष्यात स्कायनेट ही संगणकप्रणाली माणसांशी युद्ध करते, आणि माणसांचा नेता जॉन कॉनर जन्मूच नये किंवा वाढू नये म्हणून माणसासारखी दिसणारी टर्मिनेटर यंत्रं भूतकाळात पाठवते, त्याची आई सारा आणि पुढे तो स्वतः यांना मारायला. टर्मिनेटर मालिकेतले सहाही चित्रपट (१९८४, १९९१, २००३, २००९, २०१५ आणि २०१९) पॉज करत, मागे घेत पाहायचे, आणि त्यातली प्रत्येक तारीख, वय, नियम वहीत उतरवायचा. जिथे मेळ बसत नाही तिथे लाल खूण. पडद्यावर दिसलं किंवा ऐकू आलं तेवढंच धरायचं. वगळलेले प्रसंग पेन्सिलीने, समासात.

वही भरली तेव्हा लाल खुणाच लाल खुणा झाल्या होत्या, आणि सगळ्यांचं वजन सारखं. एका पोलिसाने चुकीचा वार सांगणं आणि अख्ख्या मालिकेचा पाया हलवणारा विरोधाभास, दोघांना एकच खूण. हे बरोबर नाही हे कळत होतं, पण वेगळं काय करायचं ते सुचत नव्हतं.

वाट सापडली ती पहिल्या चित्रपटातल्या पोलीस ठाण्याच्या प्रसंगात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सिल्बरमन काइल रीसची उलटतपासणी करतो. रीस म्हणजे साराला वाचवायला भविष्यातून आलेला सैनिक, पुढे जॉनचा बाप. शस्त्रं का नाही आणलीस? रीस सांगतो, उघड्यानेच यावं लागतं, सजीवाच्या भोवतीच्या क्षेत्राचं काहीतरी आहे, निर्जीव काही येत नाही. का? यावर रीस उखडतो. ते यंत्र मी नाही बनवलेलं, असं शिवी हासडून सांगतो. मी हे वाक्य कितीतरी वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्याच्या चिडण्याकडेच लक्ष गेलं. या खेपेला अर्थाकडे गेलं. कालप्रवासाचा जो नियम आपण सगळे वेदवाक्य म्हणून धरून बसलोय, तो सांगणारा माणूस स्वतःच म्हणतोय की मला यातलं कळत नाही. तो सैनिक आहे. त्याला कुणीतरी सांगितलं, तेच तो पुढे सांगतोय.

म्हणून दुसऱ्या वहीत एक रकाना वाढवला: हे कोण सांगतंय, आणि त्याला कुठून कळलं? खुणाही दोन केल्या. सांगणाऱ्याचा गैरसमज असू शकतो तिथे पिवळी. पडदाच पडद्याला खोटं पाडतो आणि सुटकेची वाटच उरत नाही, तिथे लाल.

१२ मे, गुरुवार

सुरुवात सोप्यापासून. १९८४ साली येऊन पडलेला रीस गल्लीत एका पोलिसाला धरतो आणि आज तारीख काय विचारतो. पोलीस म्हणतो, १२ मे, गुरुवार. रीस विचारतो, साल कोणतं? याचं उत्तर पोलीस देतच नाही.

१ जानेवारी १९८४ला रविवार होता. ते लीप वर्ष, म्हणजे १२ मे हा १३३वा दिवस. मधले १३२ दिवस म्हणजे १८ आठवडे आणि वर ६ दिवस. रविवारच्या पुढे सहा म्हणजे शनिवार. गुरुवार नाही. मग गंमत म्हणून एक वर्ष मागचं गणित केलं, तर १२ मे १९८३ बरोब्बर गुरुवारी येतो. चित्रीकरण आधी १९८३ साली व्हायचं होतं आणि श्वार्झनेगर दुसऱ्या चित्रपटात अडकल्यामुळे ते पुढे गेलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. पटकथेत तारीख १९८३चं कॅलेंडर समोर ठेवून पडली असावी आणि साल पुढे सरकलं तरी वार तिथेच राहिला असावा, असा माझा अंदाज. पण साल १९८४च आहे, ते दुसऱ्या चित्रपटाच्या सुरुवातीला सारा स्वतःच्या तोंडाने सांगते. मध्यरात्री उलटून गेलेली, समोर एक उघडा माणूस बंदूक रोखून उभा, अशा वेळी पोलिसाचा वार चुकू शकतो. पिवळी.

अशीच एक चूक समासात पेन्सिलीने आहे. दुसऱ्या चित्रपटाच्या न वापरलेल्या शेवटात म्हातारी सारा आठवण सांगते की २९ ऑगस्ट १९९७ (स्कायनेट माणसांवर उलटणार होतं तो प्रलयाचा दिवस) आला आणि गेला, मायकल जॅक्सन चाळीस वर्षांचा झाला. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९५८चा, म्हणजे त्या दिवशी त्याला ३९ पूर्ण झाली. पण इतक्या वर्षांनी आठवणारी म्हातारी एका वर्षाने चुकली तर तिला कोण बोल लावणार?

दुसरं कुणी येणार नाही

त्याच उलटतपासणीत रीस म्हणतो की परत कुणी जात नाही आणि आता दुसरं कुणी येणारही नाही, फक्त तो टर्मिनेटर आणि मी. आणि मग १९९१चा चित्रपट सुरू होतो तोच आणखी दोन टर्मिनेटरांच्या येण्याने. पहिल्या वहीत याला मी ठसठशीत लाल दिलं होतं. आता खाली लिहिलंय: सांगणारा, रीस. कुठून कळलं? तो निघाला तेवढ्या क्षणापर्यंतचंच त्याला माहीत. तो गेल्यावर त्या खोलीत काय झालं हे त्याला कळायला काही मार्गच नाही. लाल खोडून पिवळी केली, आणि खरं सांगतो, ती खोडताना फार बरं वाटलं. रीस खोटं बोलला नव्हता. त्याला मागचं दार बंद झालंय असं वाटलं होतं, इतकंच.

टी-१००० आणि निर्जीवाचा नियम

आमच्या शनिवारच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. निर्जीव काही येत नसेल, टी-८००ला, म्हणजे श्वार्झनेगरच्या टर्मिनेटरला, म्हणूनच मांसाचा थर चढवलेला असेल, तर दुसऱ्या चित्रपटातला नखशिखांत द्रवधातूचा टर्मिनेटर, टी-१०००, आला कसा?

आम्ही तो प्रसंग तुकड्या-तुकड्याने पाहिला. टी-८०० येतो तेव्हा विजेचा गोळा, त्यात गुडघ्यावर बसलेला देह, सगळं दाखवलंय. टी-१०००च्या वेळी तसं नाही. पुलाखाली एक पोलीस गाडीतून उतरतो, जाळीच्या कुंपणाला गोल भोक पडलेलं बघतो, आणि पुढच्या क्षणी त्याच्यावर हल्ला होतो. प्रत्यक्ष येणं कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही. आमच्यातला एक जण यावर अडून बसला. "अरे, दाखवलं नाही म्हणजे मुद्दाम लपवलंय. तो मांसाच्या पिशवीत गुंडाळून आला असेल आणि पिशवी तिथेच कुठेतरी पडली असेल." मी म्हटलं, "असेल, पण ती पिशवी पडद्यावर दाखव, मग मानतो." ती कुठे दिसत नाही. तरी त्याचा मुद्दा मी वहीत घेतला, कारण न दाखवलेल्या जागेत दुरुस्तीला वाव असतो.

तो वाव २००३च्या चित्रपटाने बुजवून टाकला. तिथे टी-एक्स ही नवी टर्मिनेटर दुकानाच्या काचेआड पुतळ्यांमध्ये अवतरते ती आपल्या डोळ्यांदेखत. बाहेर द्रवधातू, आत धातूचा सांगाडा, मांस कुठेच नाही. म्हणजे एक तर रीसला नियम अर्धवट कळला होता, किंवा नंतरच्या यंत्रांनी सजीवासारखं क्षेत्र तयार करायचं तंत्र शोधलं. पहिली शक्यता नव्या रकान्यात सहज बसते. रीस म्हणतोच, यंत्र मी नाही बनवलं. पिवळी दिली, पण एकमत झालेलं नाही. कुणाकडे याहून भक्कम काही असेल तर मला ते हवंय.

साराचं वय

हा माझा या दोन महिन्यांतला सगळ्यात आवडता शोध.

१९९१च्या चित्रपटात साराला मनोरुग्णालयात ठेवलेलं असतं, तिथे सिल्बरमन आपल्या पाहुण्यांना तिची ओळख करून देतो: स्त्री, वय २९. कथा १९९५च्या आसपासची, तेव्हा जन्म १९६५-६६चा. २००३च्या चित्रपटात मात्र तिच्या थडग्यावर कोरलंय १९५९ ते १९९७. सहा-सात वर्षांचा फरक. वर्षानुवर्षं आपण हा ढिसाळपणाचा पुरावा म्हणून दाखवत आलो.

आता विचारा, हे सांगतंय कोण? दगड. आणि त्या दगडामागे काय आहे? शवपेटीत सारा नाहीच, शस्त्रं आहेत. टर्मिनेटर स्वतः सांगतो की तिचं दहन मेक्सिकोत झालं, मित्रांनी रक्षा समुद्रात सोडली आणि तिच्या इच्छापत्राप्रमाणे शस्त्रं इथे ठेवली. म्हणजे ते थडगं मुळातच बनावट. आयुष्यभर पोलिसांपासून आणि यंत्रांपासून लपत राहिलेल्या बाईच्या खोट्या थडग्यावर जन्मसाल खरं कशाला कोरतील? १९५९ ही चूक नाही, ती थापच असणार. लेखकांच्या मनात हे होतं की नव्हतं याच्याशी मला घेणं नाही. पडद्यावरचे तुकडे एकमेकांत चपखल बसतात, मला तेवढं पुरे.

जॉनची तेरा वर्षं

सगळंच असं सुटेल असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ही गाठ आली.

पोलिसांच्या गाडीतल्या संगणकावर टी-१०००ला जॉनची नोंद मिळते: जन्म २८ फेब्रुवारी १९८५, वय १०. २००३च्या चित्रपटात मोठा झालेला जॉन स्वतः सांगतो, मी जन्मायच्या आधी त्यांनी मला मारायचा प्रयत्न केला, आणि मी तेरा वर्षांचा असताना पुन्हा. दहा की तेरा?

आधी मला वाटलं, नोंद चुकीची असेल. पळत्या आईचं पोर, पालक आई-बापांकडे वाढलेलं, कागदपत्रं कशी असतील कोण जाणे. पण आमच्या गटात एक मैत्रीण नर्स आहे. तिने माझ्या हातातून वही घेतली आणि म्हणाली, "तू संगणकाची नोंद बाजूला ठेव. गर्भ राहिला तो दिवस तर माहीत आहे ना?" आहे. रीस १२ मेच्या पहाटे येतो, मोटेलमधली रात्र १३ मेची. ती बोटं मोडत मोजायला लागली. गर्भधारणेपासून साधारण २६६ दिवस, म्हणजे फेब्रुवारी १९८५च्या पहिल्या आठवड्यात बाळ यायला हवं. २८ फेब्रुवारी म्हणजे २९१ दिवस. "तीन आठवड्यांहून जास्त उशीर," ती म्हणाली, "इतकं थांबत नाहीत. पण सारा दवाखान्यापासून लांब राहात असेल तर अशक्य म्हणणार नाही."

मग तिने खरी मेख दाखवली. जॉन कितीही लवकर जन्मला तरी ऑगस्ट १९८४च्या अखेरीआधी जिवंत बाळ म्हणून येणं शक्य नाही. आणि दुसऱ्या चित्रपटात प्रलयाचा दिवस, २९ ऑगस्ट १९९७, अजून पुढे आहे. त्या दिवशीसुद्धा जॉन तेरा वर्षांचा होत नाही. म्हणजे संगणकाची नोंद पूर्ण खोटी मानली तरी तेरा हा आकडा बसत नाही. आणि सांगणारा? स्वतः जॉन, स्वतःच्या वयाबद्दल. याहून पक्का साक्षीदार कुठून आणायचा?

आकडा कुठून आला असावा ते दिसतं. दुसऱ्या चित्रपटात जॉन झालेल्या एडवर्ड फर्लाँगचा जन्म ऑगस्ट १९७७चा, चित्रीकरण ऑक्टोबर १९९०मध्ये सुरू झालं, तेव्हा तो तेरा वर्षांचाच होता आणि पडद्यावर तसाच दिसतो. प्रेक्षकांच्या मनात राहिलेलं वय पात्राच्या तोंडी आलं. पण हे पडद्याबाहेरचं कारण, वहीत ते चालत नाही. लाल. दुसऱ्या वहीतली पहिली लाल.

दुसरी लाल जवळच आहे. दुसऱ्या चित्रपटात जॉनला वाचवायला आलेला टी-८०० गाडीत साराला सांगतो की तीन वर्षांत सायबरडाइन ही कंपनी लष्करी संगणकांचा सगळ्यात मोठा पुरवठादार होईल, आणि पुढे स्कायनेट ४ ऑगस्ट १९९७ला चालू होईल, २९ ऑगस्टला पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी त्याला स्वतःची जाणीव होईल. जॉन दहाचा असेल तर हे १९९५ तरी आहे, आणि १९९५मध्ये तीन मिळवले तर १९९८. माणूस असता तर ढोबळ बोलला म्हटलं असतं. पण जो मिनिटाचा हिशेब देतो तो वर्षाला ढोबळ कसा होईल?

उरलेल्या तिनांपैकी दोन चित्रपट या वहीत पटापट आटोपले. २०१५चा उघडउघड नवी फांदी काढतो, म्हणून जुन्याशी त्याचा झगडा लावण्यात अर्थ नाही. २०१९चा मधल्या तिन्हींना मानतच नाही. त्यातली एकच नोंद महत्त्वाची: जॉनवरचा हल्ला १९९८ सालचा, म्हणजे तेव्हा तो तेराचा किंवा त्याच्या आसपासचा. हा धागा २००३च्या वाक्याला जोडायचा मोह होतो, पण दोन्ही चित्रपट एकमेकांना ओळखतच नाहीत, म्हणून जोडला नाही. २००९च्या चित्रपटाला स्वतंत्र पानं ठेवली आहेत.

आता हातात घेतलाय तो दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी टी-८००चा तुटलेला हात. पोलाद कारखान्यात त्याचा हात अजस्र दात्यांच्या चाकात अडकतो आणि तो स्वतःच तो तोडून मोकळा होतो. नंतर पहिल्या चित्रपटातल्या टर्मिनेटरचा उरलेला हात आणि चिप, त्यांवरून स्कायनेट बनू नये म्हणून, वितळलेल्या धातूत टाकतात, मग आपल्या डोक्यात आणखी एक चिप आहे म्हणून तो स्वतःही उतरतो. चाकातल्या हाताबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्या चाकानंतरची प्रत्येक चौकट या शनिवारी आम्ही तपासणार आहोत. हात पुन्हा कुठे दिसतो का, कुणाची नजर तिकडे जाते का. तुमच्याकडे वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर पाहून ठेवा.